शीतपेटीतील पॅटिस

हुबळी आणि धारवाड या दोन जुन्या शहरांमध्ये सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर आहे. १९६२ मध्ये दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि त्यांच्या मधल्या माळावर जी वसाहत वाढत गेली तिला नवनगर हे साधे पण सार्थ नाव मिळाले. आज तेथे विधी विद्यापीठ आहे, कर्करोगाचे रुग्णालय आहे; २०१८ पासून ‘चिगरी’ नावाच्या वातानुकूलित बसगाड्या आपल्या स्वतंत्र मार्गावरून तेथून धावत असतात. अशा वसाहतीत कानडी, मराठी, कोकणी, उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतात. त्यांची स्वयंपाकघरे निरनिराळी असली तरी वाणसामानाचे दुकान पुष्कळदा एकच असते. आणि त्या दुकानात तांदळाच्या पोत्यांशेजारी आता काचेच्या झाकणाची एक शीतपेटी येऊन बसलेली आहे.

त्या पेटीत हिरवे वाटाणे असतात, मक्याचे दाणे असतात, आणि एका चौकोनी खोक्यात सहा-आठ गोल, चपटी, दगडासारखी घट्ट पॅटिसेही असतात. खोक्यावर बर्गरचे चित्र असते. कोपऱ्यात हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो. मुलांच्या आग्रहाखातर गृहिणी एखादे खोके घरी आणते खरी. परंतु घरातील वडील मंडळींच्या मनात प्रश्न उभे राहतात. हे कोणी रांधले? केव्हा रांधले? यात काय आहे? आणि गोठवून ठेवलेले अन्न हे ताजे म्हणावयाचे की शिळे? हे प्रश्न भाबडे नाहीत. या लहानशा पदार्थाचा सगळा इतिहास याच चार प्रश्नांभोवती फिरला आहे.

प्रथम नावाचा विचार करू. बर्गर हा शब्द ‘हॅम्बर्गर’ या शब्दाचा तुकडा आहे, आणि हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्गचा. जर्मनीतील त्या बंदरावरून अमेरिकेस गेलेल्या लोकांबरोबर खिमा थापून भाजण्याची रीत तिकडे गेली, असे मानतात. ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस या अर्थाशी त्या नावाचा काही संबंध नाही. मूळ शब्द एका गावाचा, मांसाचा नव्हे. म्हणून भाज्यांच्या पॅटिसाला कोणी बर्गर म्हटले तर भाषेच्या दृष्टीने फार मोठा अपराध घडत नाही.

मांसाशिवाय मांसासारखे काही करावे, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत दोन वाटांनी आली. एक वाट श्रद्धेची व दुसरी टंचाईची. इंग्लंडमध्ये १८४७ मध्ये रॅम्सगेट येथे शाकाहारी मंडळी स्थापन झाली. पुढे १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेला एक गुजराती तरुण, आईला दिलेल्या वचनापायी, अर्धपोटी हिंडत असता फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहापाशी येऊन पोहोचला. तेथेच त्याने हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विकत घेतले. तोवर गांधीजी वचनाने शाकाहारी होते. त्या पुस्तकाने ते विचाराने शाकाहारी झाले.

अमेरिकेत या कामी पुढाकार घेतला तो सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने. त्या पंथातील डॉक्टर जॉन हार्वे केलॉग (१८५२–१९४३) हे मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे आरोग्यधाम चालवीत. रुग्णांना मांस द्यावयाचे नाही, पण ताकद तर आली पाहिजे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी भुईमूग आणि गव्हातील चिकट प्रथिने यांपासून ‘नटोज’ व ‘प्रोटोज’ हे मांसाच्या जागी खाण्याचे पदार्थ तयार केले. याच पंथाने १९१५ मध्ये कोईमतूर येथे सुरू केलेली शिक्षणसंस्था पुढे पुण्यास आली व स्पायसर महाविद्यालय या नावाने नावारूपास आली. ख्रिस्ती म्हणजे मांसाहारी असे सरसकट समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरी वाट टंचाईची. पहिल्या महायुद्धात जर्मनीची अन्नकोंडी झाली, तेव्हा कोलोन शहराचे महापौर कोन्राड आडेनाउअर यांनी सोयाबीनच्या पिठाचा उपयोग करून एक सॉसेज सिद्ध केले. १९१८ मध्ये त्यांना त्याचे ब्रिटिश पेटंटही मिळाले. हेच आडेनाउअर दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. राज्यकर्त्याला जेव्हा स्वयंपाकघरात लक्ष घालावे लागते, तेव्हा लोकांच्या पोटाची स्थिती काय असेल हे निराळे सांगावयास नको.

रोमन कॅथलिक समाजात तर आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, मांस वर्ज्य करण्याची रीत फार जुनी आहे. या रीतीचा बर्गरच्या धंद्याशी मोठा मौजेचा संबंध आला. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन नावाच्या गृहस्थांचे मॅक्डोनल्ड्सचे दुकान होते. वस्ती बहुतांशी कॅथलिक, त्यामुळे शुक्रवारी दुकान ओस पडे. त्यांनी पावात माशाचा तुकडा घालून द्यावा असे सुचविले. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांची सूचना निराळी होती. पावात अननसाची चकती आणि चीज घालावे असे त्यांचे म्हणणे. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही पदार्थ विक्रीस मांडण्यात आले. माशाचा पाव साडेतीनशेवर खपला. अननसाचा अवघे सहा जणांनी घेतला, असे सांगतात. यातील बोध असा की, वर्ज्य पदार्थ काढून टाकला एवढ्याने भागत नाही. त्याच्या जागी जे ठेवावयाचे ते भुकेला पुरे पडले पाहिजे. पुढे १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी शुक्रवारच्या नियमात सैलपणा आणला व त्याऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म यांचीही मोकळीक ठेवण्यास अनुमती दिली. तथापि प्रायश्चित्त काळात मांस सोडणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत.

आता गोठविण्याच्या विद्येकडे वळू. अन्न टिकवून ठेवणे आपल्याकडे नवे नाही. उन्हाळा आला की गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडतात. भिजवलेली डाळ वाटून, मसाला घालून, तिचे छोटे गोळे कडक उन्हात वाळवावयाचे आणि पावसाळ्यात भाजी नसली म्हणजे ते रश्श्यात सोडावयाचे. सांडगा म्हणजे टिकवून ठेवलेले प्रथिनच होय. फरक एवढाच की, आपल्याकडे हे काम सूर्याने केले आणि थंड मुलुखात ते बर्फाने केले.

क्लॅरेन्स बर्ड्‌सआय (१८८६–१९५६) हा अमेरिकन मनुष्य १९१२ च्या सुमारास लोकरीच्या कातड्यांच्या व्यापारासाठी उत्तरेकडील लॅब्रडॉर प्रांतात गेला. तेथील इनुइट लोक बर्फातून मासा वर काढीत आणि बोचऱ्या वाऱ्यात तो क्षणार्धात गोठून जाई. महिन्यांनंतर तो शिजविला तरी चव ताज्यासारखी. बर्ड्‌सआयच्या ध्यानात आले की यातले मर्म गोठण्यात नसून त्वरेने गोठण्यात आहे. अन्न सावकाश गोठले तर त्यातील पाण्याचे मोठाले स्फटिक बनतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळताना सगळा रस गळून जातो. चटकन गोठले तर स्फटिक बारीक राहतात व पेशी शाबूत राहतात. या तत्त्वावर त्याने यंत्रे रचली. १९२९ मध्ये त्याचा धंदा व पेटंटे दोन कोटी वीस लाख डॉलरांना विकली गेली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरातील अठरा दुकानांत गोठविलेल्या मांस-मासळीबरोबर वाटाणे आणि पालकही प्रथम विक्रीस आले.

श्रद्धा, टंचाई आणि शीत या तिन्ही धारांचा संगम होण्यास मात्र आणखी पन्नास वर्षे लागली. १९८२ मध्ये लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी ‘व्हेजबर्गर’ या नावाने कोरडे मिश्रण बाजारात आणले. पाणी घालून थापावयाचे व भाजावयाचे. गोठविलेली आवृत्ती त्यानंतर निघाली. त्याच सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पॉल वेनर आपल्या उपाहारगृहात उरलेला भात आणि भाज्या यांची थापी करून गिऱ्हाइकांना देत. तीच पुढे ‘गार्डनबर्गर’ म्हणून दुकानांच्या शीतपेट्यांत गेली. उरलेल्या भाताची थापी हे वाक्य ऐकून कोणत्याही मराठी गृहिणीस हसू येईल. रात्रीच्या भाताचे थालीपीठ वा कटलेट तिच्या आजीने कोणत्याही पेटंटावाचून केलेले असते.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. मांसाशिवायचा बर्गर हा पश्चिमेला शोध वाटला. भारतात तो यावयाच्या आधीच त्याचे सगळे घटक तयार होते. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला आणि ‘बटाटा’ हा त्यांचाच शब्द आपण ठेवून घेतला. पाव हाही त्यांचाच शब्द. गोव्यातील पोदेर माडाच्या ताडीने पीठ आंबवून पाव भाजीत. कटलेट हा शब्द मुळात फ्रेंच असून त्याचा अर्थ बरगडीचा तुकडा असा आहे. इंग्रजांबरोबर तो क्लबात व रेल्वेच्या उपाहारगृहात आला आणि तेथे बटाटा, बीट व गाजर पोटात घेऊन शाकाहारी झाला. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात बटाटावडा घालून विकण्यास आरंभ केला, असे सर्वत्र सांगितले जाते. म्हणजे लंडनच्या व्हेजबर्गरच्या आधी सोळा वर्षे!

परंतु याच पावाच्या इतिहासात एक कडू प्रकरण आहे. पोर्तुगीज अंमलात विहिरीत पावाचा तुकडा पडला की त्या विहिरीचे पाणी पिणारा सारा गाव बाटला, अशी समजूत कोकणात व वसईत प्रचलित होती. कथा कितपत खऱ्या हा प्रश्न वेगळा. पण समजूत खरी होती आणि तिने भाऊबंदांत भिंती उभ्या केल्या. एकाच आडनावाची माणसे त्या तुकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे वाटली गेली. आज त्याच पावावर कोणाचीही जात-धर्म ठरत नाही. अन्नाने माणसे तुटतात आणि अन्नानेच ती सांधतात. मात्र सांधण्यासाठी विश्वास लागतो.

हा विश्वास आपल्याच काळात एकदा मोठ्या कसोटीस लागला. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅक्डोनल्ड्सने दिल्लीत व पाठोपाठ मुंबईत दुकाने उघडली. गोमांस आणि डुकराचे मांस न विकण्याचे बंधन कंपनीने येथे पाळले. शाकाहारी पदार्थांची जागा निराळी ठेवली. पुढे बटाटा-वाटाण्याचे पॅटिस हे तिचे येथील प्रमुख पक्वान्न झाले. पण २००१ मध्ये अमेरिकेत असे उघडकीस आले की, तेथे वनस्पती तेलात तळलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बटाट्याच्या काड्यांना गोमांसाचा अर्क लावलेला असतो. तेथील शाकाहारी हिंदूंनी दावा लावला. मुंबई-ठाण्याकडे निदर्शने झाली. भारतात असा अर्क वापरीत नसल्याचे कंपनीने सांगितले. अमेरिकेत तिने क्षमा मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दहा वर्षे एखाद्या मनुष्याने निष्ठेने व्रत पाळावे आणि ते रोज मोडत होते असे त्याला अखेर कळावे, याची भरपाई कोणत्या नाण्यात करावयाची?

त्याच २००१ साली भारतात खोक्यांवर चिन्हे छापणे सक्तीचे झाले. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका, मांसाहारीवर तपकिरी. ज्यांना रंगांतील भेद दिसत नाही अशांची अडचण लक्षात घेऊन पुढे तपकिरी ठिपक्याऐवजी त्रिकोण आणण्यात आला. पूर्वी अन्न कोणी रांधले हे डोळ्यांना दिसे. रांधणारी आई, आजी, फार तर शेजारीण असे. आता ते हात शेकडो कोस दूर आहेत. त्या अनोळखी हातांनी दिलेले वचन म्हणजे तो ठिपका होय. नवनगरातील जैन, लिंगायत, ब्राह्मण वा उपवास पाळणारे कॅथलिक कुटुंब त्या एवढ्याशा ठिपक्यावर विसंबून खोके उघडते.

उघडल्यावर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या खेपेस बहुतेकांची एकच चूक होते. मोठ्या आचेवर, कडकडीत तेलात पॅटिस सोडले जाते. बाहेरून ते पाहता पाहता लाल होते आणि दात लावावा तो आत बर्फ! याचे कारण शास्त्रात आहे. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापते. म्हणून गोठलेल्या गाभ्याला वेळ द्यावा लागतो. आच मंद, तव्यावर थोडे तेल, वर झाकण, आणि मधूनमधून उलटणे, ही त्याची रीत. दुसऱ्या खेपेस ते चांगले साधते. कवच खुसखुशीत आणि गाभा वाफाळलेला.

चवीचा निर्णय घरोघरी निराळा. बटाटा-वाटाण्याचे पॅटिस मुलांना तत्काळ आवडते, कारण ते ओळखीचे असते. सोयाबीनचे पॅटिस चावताना काहीसे तंतुमय लागते. मांस न खाणाऱ्याला नेमके तेच खटकते आणि मांस सोडलेल्याला नेमके तेच हवे असते. हुबळी-धारवाडच्या जिभेला तर दोन्ही मिळमिळीत वाटण्याचा संभव अधिक. चुरमुरे, कांदा, चिंच-गुळाचे पाणी आणि फुटाण्याचे पीठ कालवून केलेले गिरमिट, आणि त्यासोबत गरम मिरची भजी, यांवर वाढलेल्या जिभेपुढे कारखान्याचा मसाला टिकाव धरीत नाही. म्हणून येथील गृहिणी पावाला शेंगदाण्याची चटणी लावते, आणि परका पदार्थ अर्ध्या घटकेत घरचा होतो.

पोषणाचा विचार याहून महत्त्वाचा आहे. बर्गरमधील पॅटिसाचे मुख्य काम प्रथिने पुरविणे हे होते. बटाट्यात प्रथिने शेकडा दोनच्या आसपास. तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. सुक्या सोयाबीनमध्ये चाळिसाच्या घरात. सबब बटाट्याचे पॅटिस आणि मैद्याचा पाव हे पोट भरणारे असले तरी अंग भरणारे नव्हे. खोक्यावर मीठ, तेल व प्रथिने यांचे आकडे छापलेले असतात. ठिपका पाहणाऱ्याने तेही पाहावेत. वचनाचा तो दुसरा भाग आहे.

या विषयात एका मराठी विदुषीचे स्मरण अवश्य केले पाहिजे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. आणि तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखविले व १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. डाळ आणि बटाटा! ज्या दोन साध्या वस्तूंपासून पॅटिस होते, त्याच दोन वस्तूंनी एका मराठी स्त्रीला विज्ञानातील डॉक्टरेट मिळवून दिली.

म्हैसूर येथे १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी भुईमुगाचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वे घालून, गरिबांसाठी प्रथिनयुक्त अन्न सिद्ध केले. केलॉगने श्रीमंत रुग्णांसाठी भुईमूग वापरला. म्हैसूरने तो भुकेल्या मुलांसाठी वापरला. धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ १९८६ मध्ये स्थापन झाले; तांबेरा रोगापुढे सोयाबीनचे पीक टिकावे म्हणून त्याने डीएसबी २१ हे वाण दिले. बेळगाव-धारवाडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बटाटाही होतो आणि सोयाबीनही. म्हणजे शीतपेटीतील परदेशी वाटणाऱ्या खोक्यातला ऐवज नवनगराबाहेरच्या शेतातही पिकतो.

राहिला शिळेपणाचा प्रश्न. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. तथापि आपल्याच परंपरेत शितळासप्तमीही आहे. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही आणि आदल्या दिवशीचे थंड अन्न खावयाचे. शीतलतेचीही पूजा करणारा हा समाज आहे. शास्त्र सांगते की उणे अठरा अंशांवर जंतूंची वाढ थांबते. पण ते सगळे मरत नाहीत, नुसते थबकतात. वीज गेली, वाहतुकीत ऊब लागली, की ते पुन्हा कामास लागतात. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या पॅटिसांची खूण सोपी आहे: ती एकमेकांना चिकटलेली असतात आणि खोक्यात बर्फाचा भुगा साचलेला असतो. असे खोके परत करावे. शीताची साखळी कारखान्यापासून घरापर्यंत अखंड राहिली तर अन्न ताजे. मध्ये एक कडी निसटली की ते शिळ्याहून वाईट.

नोकरीवरून थकून आलेल्या आईला ही खोकी दहा मिनिटे वाचवून देतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोजच्या भाकरी-उसळीची जागा ती घेणार नाहीत, आणि घेऊही नयेत. ज्वारी आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात, हा समतोल कोणत्याही खोक्यात मिळत नाही. पण रविवारच्या संध्याकाळी नवनगरातील एखाद्या घरी शेजारची मुले जमतात, निरनिराळ्या धर्मांची, निरनिराळे उपवास पाळणारी. आणि कोणाला काय चालते, काय चालत नाही, हे न विचारता सर्वांच्या ताटात एकच पदार्थ वाढता येतो. ज्या पावाच्या तुकड्याने एके काळी विहिरी निराळ्या केल्या, त्याच पावात ते पॅटिस असते. मुलांना या इतिहासाची वार्ताही नसते. ती फक्त विचारतात, आणखी एक आहे का?